पहिल्या नंबरचा पास

आमच्या शहराचा विमानतळ माझ्या घरापासून बारा मिनिटांवर आहे. सिग्नल लाल मिळाला तर चौदा. मोठ्या शहरातली माणसं विमान पकडायला तीन-तीन तास आधी घर सोडतात हे ऐकलं की मला त्यांची कीव यायची, आणि ती मी लपवायचोही नाही. मी हॉस्पिटलांमधली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करतो. सोमवारी जायचं, शुक्रवारी परत यायचं, हे दहा वर्षं चाललंय. बायको म्हणायची, "विमानतळ एवढा जवळ आहे म्हणूनच तुमचा पाय घरात ठरत नाही."

बोंब मारण्यासारखंही पुष्कळ होतं. दिवसाला एकच विमान, दुपारी पावणेदोनचं. ते रद्द झालं की सात तास रस्त्याने हाडं खिळखिळी करत जायचं. घरबसल्या चेक-इन करायची सोय आमच्या विमानतळाच्या नशिबी नव्हती. ओळखपत्र घेऊन काउंटरवर स्वतः उभं राहावं लागे. चहाच्या यंत्रावर 'बंद आहे' असा कागद चिकटवला होता आणि तो कागदही पिवळा पडला होता. सामानाचा पट्टा इतका छोटा की गर्दीतून हात पोचेपर्यंत आपली बॅग समोरून चार वेळा जायची.

खरी रड उन्हाळ्याची. आमची धावपट्टी आखूड आहे. ऊन तापलं की हवा विरळ होते आणि तिच्यावरून भरलेलं विमान उठत नाही, वजन कमी करावं लागतं. सामान उतरवून भागलं नाही तर माणसं उतरवतात. ज्यांनी सगळ्यात शेवटी चेक-इन केलं, ती माणसं. पासवर क्रमाने नंबर छापलेला असतो. शेवटचे चार-पाच नंबर मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी जातात.

मी दर सोमवारी सगळ्यांच्या शेवटी पोचायचो, आणि दहा वर्षांत एकदाही मागे राहिलो नाही. ही करामत ताईची.

ताई म्हणजे काउंटरवरची ताई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण साठी उलटलेले डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा तिला ताईच म्हणत. ते आणि एक वकीलबाई माझ्यासारखेच आठवड्याला ये-जा करणारे. असे आम्ही अकरा जण होतो, स्वतःला 'रोजचे' म्हणवून घ्यायचो. ताई निळा कोट घालून पास द्यायची, बॅगांना पट्ट्या लावायची, काउंटर बंद करून धावत माइककडे जायची, तिथून दरवाजावर पास फाडायला, आणि शेवटी कोटावर पिवळं जॅकेट चढवून हातात कागद घेऊन थेट विमानापाशी. डॉक्टर म्हणायचे, "एक दिवस ही आत शिरून विमानही चालवेल, आणि त्या दिवशी ते वेळेवर पोचेल."

तिचे आवाज दोन होते. माइकवरचा आवाज इस्त्री केलेला. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, काउंटर पंचेचाळीस मिनिटं आधी बंद होतं." दुसरा आमच्याशी बोलायचा. "दादा, धावू नका, पडाल. तुमच्याशिवाय जात नाही ते." मी दादा, डॉक्टर काका, वकीलबाई अक्का. आम्हालाही ते फार आवडायचं. घरी इतकं कोण विचारतं?

पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची. आईची नजर अधू होत चालली होती. सकाळी आईचं सगळं आटपून, डबा झाकून, तारेने आरसा बांधलेल्या स्कूटरवरून ती दहाला हजर. स्वतःचा डबा उघडायची ते विमान गेल्यावर, उभ्या-उभ्या. नोकरीच्या अकरा वर्षांत एकदाही विमानात बसली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मी पाठवणारी दादा, जाणारी नाही."

आता ती करामत काय होती ते सांगतो, आणि ती कोणी सुरू केली तेही. मीच केली. पहिल्यांदा खरंच अडचण होती. मुलीला ताप होता, बायको तिला घेऊन दवाखान्यात, आणि मला वेळेत पोचता येईना. फोन करून गळ घातली, "ताई, माझं जरा बघा ना."

"दादा, हे नियमात नाही हो. माणूस समोर लागतो."

"एकदाच."

तिने केलं. दहाला काउंटरचा कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर माझा पास काढून ठेवला. नंबर एक. मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला, पण माझी सवय काही उतरली नाही. डॉक्टरांना कळलं, त्यांनी वकीलबाईंना सांगितलं, आणि वर्षभरात आमचा फोनवर एक ग्रुपच झाला. आदल्या दिवशी तिकिटाचा नंबर टाकायचा की दुसऱ्या दिवशी पास तयार. एक ते अकरा आमचे. आम्ही रमतगमत एकला उगवायचो आणि माझा नंबर तुमच्या आधीचा म्हणून एकमेकांना चिडवायचो. ऊन तापलं की मागे राहायचे ते आमच्याआधी तास-दीड तास येऊन रांगेत उभे राहिलेले लोक. हे आम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याचा हिशेबच मनात घेत नव्हतो.

मग त्या उन्हाळ्यात एक म्हातारा आणि त्याची बायको आली. दोघं बाराच्या आधी पोचली होती. म्हाताऱ्याचा शर्ट कडक इस्त्रीचा, बायकोच्या मांडीवर कापडी पिशवी. त्यांचा मुलगा त्याच संध्याकाळी कायमचा परदेशी निघाला होता आणि ती त्याला निरोप द्यायला चालली होती. दोघांचे नंबर शेवटच्या चारांत आले. ताईने त्यांना बाजूला घेऊन माइकच्या आवाजात नियम सांगितला. म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे आत्ता आले की. मी बघितलं ना. यांचा नंबर आधी कसा?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये डोकं घातलं आणि दरवाजाकडे चालू लागलो. म्हातारी रडत नव्हती, पिशवीची गाठ सोडत होती आणि परत बांधत होती. विमानात बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "ऊन फारच वाढलंय यंदा." मी हो म्हणालो.

म्हाताऱ्याने तक्रार केली, हाताने लिहून. ती तशीच पडून राहिली, कारण कॉम्प्युटरमध्ये क्रम अगदी चोख होता.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत कळलं की काउंटर चालवणारी कंपनी कंत्राटावरच्या एकाच माणसाला कायम करणार. ताईची अकरा वर्षं दर वर्षी नव्या कागदावर सही करण्यात गेली होती. वयाची अट चाळिशीची आणि तिला एकोणचाळीस पूर्ण झालेली. आता कायम झाली तर झाली, नाहीतर पुन्हा कधीच नाही. कायम झाल्यावर आईच्या डोळ्यांचे उपचार कंपनीकडून होणार होते. नेमका त्याच सुमारास रोजच्या प्रवाशांकडून एक फॉर्म भरून मागवला गेला. डाव्या रकान्यात सोयी, उजव्यात अडचणी.

ताई पहिल्यांदाच आमच्याकडे काही मागायला आली. "दादा, माझ्याबद्दल दोन चांगले शब्द लिहाल का? दोनच. जास्त काही नको."

दोन शब्दांत आमचं कसलं भागतंय! आम्ही तिघांनी लाउंजमध्ये बसून फॉर्म भरायला घेतला. उजवा रकाना भरायला वेळ लागला नाही. एकच विमान, चहा, पट्टा, मोडक्या खुर्च्या. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. डावा रकाना रिकामा होता. तिथे फक्त ताई होती.

"तत्पर, हसतमुख, मनमिळाऊ," डॉक्टर सांगू लागले.

"असल्या मोघम कौतुकाला कोणी विचारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "दाखले द्या. तारखा द्या."

तारखा द्यायला मी तयारच होतो. यंत्राचा अहवाल लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. माझ्या कामाच्या वहीतून काढून मी लिहिलं की अमुक तारखेला मी विमान सुटायला अठरा मिनिटं असताना पोचलो, तरी ताईंच्या तत्परतेमुळे पहिल्या नंबरचा पास तयार होता, आणि म्हणूनच एका हॉस्पिटलातलं बंद पडलेलं यंत्र त्याच संध्याकाळी सुरू झालं. असे पाच दाखले. खाली अकरा जणांच्या सह्या. मी तो कागद दोनदा वाचला आणि स्वतःवर खूश झालो. ताईला दाखवला नाही, म्हटलं पेढे वाटेल तेव्हाच कळू दे.

पहिला दाखला म्हाताऱ्याच्या दिवसाचा होता. तारीख माझ्या लक्षात आली नाही. तिकडे तक्रार वाचणाऱ्याच्या बरोबर आली.

मुख्य कार्यालयातून एक साहेब चौकशीला आले. काउंटरमागच्या खोलीत बसले. खोली म्हणजे काय, फळ्यांची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. टेबलावर दोन कागद होते, म्हाताऱ्याचा आणि आमचा. साहेब शांत होते, त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"एकच विचारतो. पास आधी काढून ठेवा असं तुम्ही सांगत होता की त्या स्वतःहून करत होत्या? प्रवाशांनी भरीला घातलं असेल तर त्यांना ताकीद देऊन सोडता येईल. पण मग तुमच्या ऑफिसलाही आम्हाला कळवावं लागेल."

माझ्या ऑफिसमध्ये पावणेदोनच्या विमानासाठी मी साडेअकरालाच घर सोडतो अशी समजूत होती. ती वेळ माझ्या कामाच्या तासांत धरली जायची. दहा वर्षं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर पाण्याचा ग्लास होता, पण उचलला नाही. भिंतीपलीकडे ताई बॅगांच्या पट्ट्यांवर स्टेपलर मारत होती. टक, टक, टक.

"आम्हाला काय माहीत?" मी म्हणालो. "त्या बाई आपणहूनच करायच्या. आम्हाला वाटलं, इथली पद्धतच असेल."

पलीकडचा आवाज थांबला. जिला मी दहा वर्षं ताई म्हटलं, तिला 'त्या बाई' म्हणालो होतो, आणि तिने ते ऐकलं होतं. मला लाज वाटली. आजही वाटते. पण शब्द मागे घ्यायला मी त्या खोलीत परत गेलो नाही. माझ्यानंतर डॉक्टर गेले, त्यांनीही हात वर केले. वकीलबाई म्हणाल्या की नक्की आठवत नाही. आम्ही फोनवरच्या ग्रुपमधून एकेक करून बाहेर पडलो.

ताईने एकाचंही नाव घेतलं नाही. तिच्या फोनमध्ये आमचे सगळे निरोप होते, तेही तिने दाखवले नाहीत. मला भेटायलाही आली नाही. महिनाअखेरीला तिच्या जागी टाय लावलेला एक माणूस उभा होता.

हा टायवाला नियमाचा पक्का. समोर माणूस, हातात ओळखपत्र, तरच पास. आम्ही दोन-दोन तास आधी येऊन मोडक्या खुर्च्यांवर बसू लागलो, आणि निर्लज्जपणा बघा, एकमेकांना म्हणू लागलो की या विमानतळात आता काही राम राहिला नाही.

पुढचा उन्हाळा आला. एका सोमवारी माझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि घामाघूम होऊन मी काउंटर बंद होता होता पोचलो. पास मिळाला, नंबर अडुसष्ट. बाहेर ऊन आग ओकत होतं. टायवाल्याने यादी वाचली. चार माणसं मागे राहणार होती, त्यांत मी. डॉक्टर आणि वकीलबाई त्या दिवशी वेळेवर आले होते. दोघांनीही माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात दरवाजाच्या रांगेत ताई दिसली. निळा कोट नव्हता म्हणून आधी ओळखू आली नाही. केसांत पांढरं दिसत होतं. तिने आईचा हात धरला होता, आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. पहिल्यांदाच विमानात बसायला निघाली होती, मोठ्या शहरातल्या डॉक्टरला आईचे डोळे दाखवायला. हातात दोन पास होते. वरच्यावर एकचा आकडा मला स्पष्ट दिसला. दरवाजे उघडायच्या आधीपासून येऊन बसली असणार.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. माफी मागायला हवी होती, किंवा निदान खाली बघायला हवं होतं. पण दहा वर्षांची सवय. पाय आपोआप तिच्याकडे वळले, आणि मी काय बोलतोय ते कळायच्या आत बोलून गेलो.

"ताई, माझं जरा बघा ना."

तिने वळून माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही.

"साहेब," ती माइकच्या आवाजात म्हणाली, "काउंटर पंचेचाळीस मिनिटं आधी बंद होतं. वेळेवर यायचं."

"कोण गं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. एक प्रवासी. पुढे पायरी आहे आई, सांभाळून."

दोघी बाहेर उन्हात गेल्या. आई दर चार पावलांवर थांबत होती आणि ताई तिच्यासाठी थांबत होती. विमान वेळेवर गेलं. मी बॅग उचलून गाडीत ठेवली. एकही सिग्नल लाल मिळाला नाही. बरोबर बारा मिनिटांत घरी पोचलो.