चार नंबरच्या पेशंटला पाणी

नोकरीतून मी लवकर निवृत्त झाले त्या वर्षी दर गुरुवारी दुपारी मी दादरहून बसने माझगावला जायचे. कॉलेजात आम्हांला तत्त्वज्ञान शिकवणारे सर तिथे राहतात. ऐंशी ओलांडलेले, आणि डोळे जवळजवळ गेलेले. एका जुन्या वर्गमैत्रिणीचा फोन आला, "सरांना वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. तू घरीच असतेस ना आता?"

घरीच असतेस ना, हे जरा लागलं. पण होते घरीच. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिची खोली मी रोज उघडायचे, झाडायचे आणि पुन्हा लावून घ्यायचे.

सरांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीला लागून शिरीषाचं झाड. दुपारी त्याची सावली फरशीवर पसरायची आणि वारा आला की सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हलायची. तिथे दोन ते चार ही वेळ घड्याळाची नव्हतीच. मी वाचत असायचे, माझाच आवाज मला लांबून ऐकू यायचा, आणि कधी कधी आपण जागे आहोत की डुलकी लागली आहे, ते कळायचं नाही.

वाचायच्या होत्या सरांच्याच वह्या. खाकी कव्हरं घातलेल्या अकरा वह्या. जगावं कसं, कशाला महत्त्व द्यावं, याबद्दल जिथे जे चांगलं वाचलं ते सरांनी आयुष्यभर मराठीत उतरवून ठेवलं होतं. ग्रीक होते, रोमन होते, जर्मन होते. वाळवंटात जाऊन राहिलेले ख्रिस्ती साधू, बिशप, मठातल्या जोगिणी होत्या. सर नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती; त्यामुळे मधूनच ख्रिस्तावरचा एखादा अभंगही निघायचा. कुणी म्हणे मरणाची आठवण ठेवून जगा, कुणी म्हणे आपल्या हातात नाही त्याची चिंता सोडा, कुणी म्हणे प्रेम करा, बाकी सगळं मागोमाग येतं. मी वाचायचे आणि सर डोळे मिटून मान हलवायचे, गाणं ऐकत असल्यासारखे.

त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत मेथी नाहीतर मटार घेऊन बसलेली असायची. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तिने पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "मॅडम काय म्हणतेस गं? मावशी म्हण." वाचन ऐकता ऐकता एकदा म्हणाली, "एवढी माणसं एवढं लिहून गेली. पण पेशंटला झोपेतून न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, ते एकानं तरी लिहिलंय का?"

सर जोरात हसले. "नाही गं. ते राहिलंच."

गणपती होऊन गेले आणि मावशी विसरायला लागली. आधी चहात साखर दोनदा पडायची. मग माझं नाव गेलं, मग वार गेले. सरांना दिसत नव्हतं आणि तिला आठवत नव्हतं. दोघं एकमेकांचा हात धरून स्वयंपाकघरापर्यंत जायची. ती सांगायची, "पुढे स्टूल आहे." ते सांगायचे, "तू पाणी प्यायला आली आहेस." मिळून एक माणूस पुरा व्हायचा.

डिसेंबरातली गोष्ट. गॅलरीत कागदी तारा टांगला होता. मी वाचत होते आणि मावशी एकदम ताठ उठून बसली. माझ्याकडे बघून कडक आवाजात म्हणाली, "सिस्टर, चार नंबरच्या पेशंटला पाणी दिलंस का?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही घरी आहात. इस्पितळ सोडून किती वर्षं झाली तुम्हांला."

तिने इकडेतिकडे पाहिलं. भिंती, कपाट, मी. तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी विसरणार नाही. "मग त्याला पाणी कोणी दिलं?" म्हणत ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

सर चाचपडत उठले, खुर्चीच्या पाठीला धरून तिच्यामागे उभे राहिले. "दिलं सिस्टर," ते शांतपणे म्हणाले. "मीच दिलं. अर्धा ग्लास प्यायला. आता झोपलाय."

"उशी वर केली होती ना? नाहीतर ठसका लागतो."

"केली होती."

"बरं," मावशी म्हणाली. मागे टेकली. थोड्या वेळात तिला झोप लागली.

मी हळू आवाजात म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत की खोटं कधीच बोलायचं नाही. कुणाच्या भल्यासाठीसुद्धा नाही."

"शिकवलं. तिसऱ्या वहीत आहे बघ. वाच."

मी वाचलं. एक जर्मन तत्त्वज्ञ, आणि त्याच्या कितीतरी शतकं आधीचा एक बिशप. दोघांचं म्हणणं एकच होतं. असत्याला कुठलीच सवलत नाही.

सरांनी हातानंच अंदाज घेत मावशीचा पदर सारखा केला. मग म्हणाले, "या दोघांशी मी महिनाभर भांडतोय. मनातल्या मनात. मोठी माणसं आहेत, सहज सोडत नाहीत. पण मला वाटतं, ती चार नंबरच्या पेशंटचं विचारतच नाही गं. आपलं काम नीट झालं का, एवढंच विचारते. त्याचं उत्तर हो असंच आहे. पस्तीस वर्षं नीट झालं. मग मी खोटं कुठं बोललो?"

आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. शेवटच्या वर्षी आई रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी उभी राहायची. "चल, घरी जाऊ या." घर म्हणजे गिरगावातल्या चाळीतली आमची खोली, जिथे ती लग्न होऊन आली आणि आम्ही वाढलो. ती चाळ कधीच पाडली होती. मी रोज तिला तेच सांगायचे. "आई, चाळ पाडली." आणि ती रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मटकन खाली बसायची. "पाडली? आणि मला कुणी सांगितलं नाही?" मला वाटायचं, खरं सांगणं माझं कर्तव्य आहे. आईचं घर मी शंभरदा तरी पाडलं असेल.

सरांनी हात पुढे केला. तो हवेत थोडा चुकला, मग माझ्या मनगटाशी आला.

"तू खरं बोललीस," ते म्हणाले. "दुसरं काही तुला कुणी शिकवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."

मी रडले. मावशी झोपेत घोरत होती.

त्यानंतर माझ्याही अनेक ड्यूट्या झाल्या. चार नंबरला पाणी दिलं, सातचा ताप लिहिला, एका बाळंतिणीला जुळं झालं. मावशी शाबासकी द्यायची, "हुशार आहेस, शिकशील." वह्या बाजूला पडत गेल्या. सर ऐकत बसायचे, आणि एकदा म्हणाले, "एवढ्या वर्षांत हिच्या वॉर्डमध्ये काय चालतं ते मी कधी विचारलंच नव्हतं."

ईस्टरच्या आठवडाभर आधी, सकाळी चहाच्या वेळी मावशी गेली. सर तिच्या केसांतून फणी फिरवत होते. त्यांनी सांगितलं, फणी तशीच चालत राहिली, थोडा वेळ त्यांना कळलंच नाही.

मी अजून जाते. आता सरांना वह्या नको असतात. "पाठ आहेत," म्हणतात. मी त्यांचा हात धरून टेकडीवरच्या बागेत घेऊन जाते, हळूहळू, पायऱ्या मोजत. वर बाकावर बसलं की खाली गोदी दिसते, क्रेन, धुरकट पाणी आणि पलीकडे डोंगरांची पुसट रेघ.

"काय दिसतंय?" सर विचारतात.

"एक बोट उभी आहे. लाल रंगाची, गंजलेली. तिला रंग देतायत."

"किती माणसं?"

"तीन. एक दोरीला लटकलाय. सावकाश हात चालवतोय."

"सांग," सर म्हणतात आणि चेहरा उन्हाकडे करतात. "अजून सांग."