वरच्या वाटेनं माहेरी

लग्नाला चार महिने झाले होते, तरी माझी बायको कशी बोलते ते मला नीट माहीत नव्हतं. कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत आई, वडील आणि दोन भाऊ. ती बोलायची ती आईशीच, तेही खालच्या आवाजात. चैत्रात तिला न्यायला तिचा भाऊ यायचा होता, तो तापानं पडला, म्हणून वडील मला म्हणाले, "तूच सोडून ये."

तिचं गाव चंदगडच्या बाजूला, डोंगरापलीकडं. वाटेत गडहिंग्लजला मामांकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायथ्याला एस.टी.तून उतरलो. तिथं बैलं घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला.

"पावणं, वरनं जाऊ नगा. मागल्या आठवड्यात वणवा गेलाय. खालनं गाडीवाट हाय, पर सांज हुईल पोचायला."

मी गाडीवाटेकडं वळलो. मागून आवाज आला, "वरनंच जाऊया की."

चार महिन्यांत तिनं माझ्या मनाविरुद्ध काढलेला हा पहिला शब्द. मी गुपचूप वर निघालो.

सुरुवातीला मुरमाची वाट होती, खडे पायाखालून घरंगळत होते. त्यापुढं कमरेएवढं वाळलेलं गवत वाटेवर आडवं झालेलं. माझे कचेरीचे बूट त्यावरून तेल लावल्यासारखे सटकू लागले. दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा पँट गुडघ्यावर फाटली.

"बूट काढा," ती वरून म्हणाली. "चामड्याचा तळ हाय, गवतावर टिकायचा न्हाई. आन् पाय आडवा टाका."

काढले. अनवाणी पाय खरंच टिकला. ती पुढं पिशवी घेऊन झपझप चालली होती. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत. तासाभरानं जळका उतार लागला. सगळं काळंठिक्कर, अजून धुराचा वास येत होता. मला वाटलं, इथून परत फिरायचं.

"आता घाला बूट," ती म्हणाली. "खुटं टोचत्यात. पर हितं घसरायचं भ्या न्हाई. गवत गेलं, माती मोकळी झाली."

तसंच होतं. राखेतून बोटभर हिरवे कोंबही वर आले होते. एका उभ्या टप्प्यावर तिनं हात पुढं केला. आजूबाजूला कोणी आहे का ते मी पाहिलं आणि हात धरला.

खिंडीत कपारीत झरा होता. तिनं वरचा पालापाचोळा बाजूला केला, गढूळ पाणी निवळू दिलं आणि पानाचा द्रोण करून आधी मला दिला.

"तुला ही वाट एवढी कशी ठाऊक?" मी विचारलं.

"शाळेला रोज हिकडनंच जायची. सहावीपतोर. मग घरात बसवली." ती थांबली. "मला सातवीची परीक्षा द्यायची हाय. फायनल."

"मग दे की."

"सासूबाईंना कोण सांगणार?"

"मी सांगतो," म्हणालो खरा.

दुपार टळायच्या आत आम्ही तिच्या दारात होतो. वणव्याच्या वाटेनं आलो हे ऐकून तिच्या वडिलांनी मला चार शब्द सुनावले, तिला एकही नाही. तिची आई माझ्या फाटक्या पँटला टाका घालायला बसली.

आईला सांगायला मला पंधरा दिवस लागले. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "घरचं करून बसू दे." पहिल्या खेपेला बायको गणितात राहिली. पुढच्या वर्षी आईनंच तिला रोज दुपारी दोन तास मोकळी सोडली, आणि ती पास झाली. तेव्हा सातवी फायनल झालेल्यांना शाळेत मास्तरकी मिळायची. त्या जूनमध्ये जवळच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर ती शिक्षिका म्हणून रुजू झाली.