दोन बिल्ले

माझी मावशी शिवणकारखान्यात बावीस वर्षं होती. शेवटची सहा वर्षं तिला एकच काम: बायकांच्या संडासाच्या दारापाशी बसून बिल्ले सांभाळायचे. चाळीस मशिनींमागे पत्र्याचे दोन बिल्ले. जिच्या गळ्यात बिल्ला, तिनेच आत जायचं. ती परतली की दुसरीने. साहेबांनी ही पद्धत आणली आणि महिन्याभरात दिवसाला दीडशे शर्ट जास्त निघू लागले. मावशीला पाठ टेकायची खुर्ची मिळाली.

बायकांनी पाणी पिणंच सोडलं. काजं करणारी एक तेवढी फटकळ. ती म्हणाली, "लघवी काय साहेबांच्या मालकीची आहे? आणि तू त्यांची पहारेकरीण?"

"मला काय सांगतेस? नियम मी केला का?" मावशी म्हणाली.

हे उत्तर मी घरीही शंभरदा ऐकलंय. वाईट बाई नव्हती हो ती. विचार करायचा सोडला होता, एवढंच. मला राग येतो तो त्याचाच.

तिची सून तिथेच कॉलर जोडायची. आठवा महिना लागला होता. एका दुपारी ती दारापाशी आली, तेव्हा दोन्ही बिल्ले गेलेले होते. आत संडास चार, त्यातले दोन रिकामे.

"आई, मला धरवत नाहीये."

"सगळ्या बघतायत. तुला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल."

सून उभी राहिली. थोड्या वेळाने तिथेच, सगळ्यांसमोर, तिची साडी भिजली. मशिनी थांबल्या नाहीत. मावशीने फडक्याने फरशी पुसली. सून तशीच जाऊन पुन्हा कॉलर जोडायला बसली.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मावशी जमिनीवर पाय पसरून मटार सोलत होती. सून स्वयंपाकघरातून आली आणि तिच्यापुढे येऊन थांबली.

"आई, जाऊन येऊ?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मावशीने मान वर केली नाही.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग जा," मावशी म्हणाली आणि पुढची शेंग हातात घेतली.