कठड्यावरचा टॉवेल

वहिनीला सगळे वहिनीच म्हणत. बोट चालवणारा दीर तिला तशी हाक मारायचा, म्हणून पाहुणेही पहिल्याच दिवशी म्हणायला लागत, आणि आठवडा सरेपर्यंत डोकेदुखी, तुटलेलं बटण आणि नवऱ्याच्या तक्रारी घेऊन तिच्याकडेच येत. शिडाची बोट भाड्याने घेऊन बेटं पाहत हिंडणाऱ्या या लोकांना वाटे, आपण निळं पाणी विकत घेतलंय. त्यांच्या वाट्याला खरी यायची ती वहिनी. दीर वर सुकाणूच्या चाकाशी, ती खाली शेगडीशी, आणि आवाज मात्र तिचाच वर.

बोट दोन पोटांची होती. शेजारी शेजारी दोन लांबट होड्या आणि त्यांना जोडणारी मधली मोठी बैठक, असा तो कारभार. दोन्ही पोटांत उतरायला सारखेच जिने, सारख्याच खोल्या, सारखीच न्हाणीघरं. पाहुणे हटकून चुकत आणि वहिनीच्या खोलीत शिरत. "अहो, डावीकडे तुम्ही, उजवीकडे आम्ही," ती ओरडायची. "जेवता कुठल्या हाताने, तेवढं तरी आठवा!"

बोटीवर एक नियम होता. प्रत्येक पाहुण्याला वेगळ्या रंगाचा टॉवेल मिळे. पोहायला उतरताना तो मागच्या कठड्यावर टाकायचा, वर आलं की उचलायचा. कठड्यावर टॉवेल आहे म्हणजे माणूस पाण्यात आहे, आणि माणूस पाण्यात असताना नांगर काढायचा नाही. पाहुणे हसत, पण नियम मोडणाऱ्याला जेवण मिळणार नाही असं वहिनी सांगायची. तिच्या हातचं एकदा जेवलेला माणूस उगाच धोका पत्करत नसे.

हा नियम तिच्या नवऱ्याने घातला होता. तेव्हा बोट तोच चालवायचा. एका बेटाआड नांगर खडकात अडकला म्हणून तो पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही. तिथे पाण्याला जबर ओढ होती. त्यांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. मग वारा सुटला, पाहुण्यांची मुलं रडायला लागली, आणि दिराने नांगराचा दोर कापून बोट बंदराकडे नेली. दुसऱ्या दिवशी शोधायला होड्या गेल्या, त्या तशाच परतल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण बोट निघाली तेव्हा त्याचा तपकिरी टॉवेल कठड्यावरच होता.

वहिनीला तो गेल्याचं दुःख होतंच. पण तिला आतून पोखरत होतं ते वेगळंच. तो कुठल्याशा खडकाला धरून जिवंत असला तर? आपली बोट आपल्याला सोडून जाताना त्याने पाहिली असली तर? हे विचारायचं कुणाला? दिराला विचारलं असतं तर तो मोडून पडला असता. त्यानंतर त्या बेटाकडे त्याने बोट पुन्हा कधी नेली नव्हती.

दोन पोटांच्या मधल्या पाण्यात लाटा अडकून थपडा मारत. कुणी तळहाताने बोट ठोकावी तसा आवाज येई. पाहुण्यांना मजा वाटे. वहिनी मात्र चालतं काम टाकून पुढे दोन पोटांमध्ये ताणलेल्या जाळीवरून खाली वाकून बघायची. पाणीच दिसे. मग स्वतःवर चिडून ती भांडी आदळायची.

प्रत्येक मुक्कामावर ती तो तपकिरी टॉवेल कठड्यावर टाकत असे आणि बोट हलल्यावरच काढत असे. दीर चाकापासून विचारायचा, "आले का?" ती म्हणायची, "आले, काढा नांगर." सगळे आले असं ती कधीच म्हणाली नाही. एक टॉवेल उरला की निघायचं, हे दोघांच्या अंगवळणी पडलं होतं.

या खेपेला एक कुटुंब होतं: निवृत्त आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाला बोट लागत होती, तो आडवाच होता. आजोबा बोलघेवडे. सून पट्टीची पोहणारी. पाण्यात गेली की तिला बाहेर काढायला वाढलेलं ताट दाखवावं लागे. त्या दुपारी आजोबा आणि सून पोहायला उतरले. वहिनी खाली मासे साफ करत होती.

हात धुऊन ती वर आली आणि जागीच थांबली. तपकिरी टॉवेल कठड्यावर नव्हता.

वारा पडलेला होता. टॉवेल उडून जायचा प्रश्नच नव्हता. फळ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते, मोठे, पुरुषाचे. ते डावीकडे गेले नव्हते. उजव्या जिन्याने तिच्या खोलीकडे उतरले होते.

ती काही खुळी बाई नव्हती. बोटीचा बाजारहाट, पाहुण्यांची पथ्यं, इंजिनाचं तेल, सगळं तिच्या डोक्यात असे. पण त्या क्षणी तिचं डोकं तिच्याजवळ राहिलं नाही. ती ठशांवर पाय पडू न देता खाली उतरली. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आत पाणी वाहत होतं.

तिचा हात दारावर टेकला.

"आलात?" तिने विचारलं.

आतून, पाण्याच्या आवाजातून, उत्तर आलं, "हो, हो, आलो!"

वरून दीर ओरडला, "वहिनी, वारा आलाय, निघू या! आले का?"

वहिनीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. इतक्या आनंदाची तिला सवय राहिली नव्हती. "सगळे आले, भाऊजी!" ती ओरडली. "सगळे आले!"

दिराने वळून कठड्याकडे पाहिलं. डोळे दिपवणाऱ्या उन्हात रंग कळेना, पण तिथे एक टॉवेल होता, नेहमीसारखा. त्याने नांगर उचलला.

बोट वाऱ्याला लागली, शीड भरलं. वहिनी दाराशीच उभी होती. मग नळ बंद झाला, कडी निघाली, आणि तपकिरी टॉवेल गुंडाळलेले आजोबा बाहेर आले.

"अरेच्चा! पुन्हा चुकलो वाटतं," ते हसून म्हणाले. "आणि माझा टॉवेल बहुतेक मी खालीच विसरलो होतो. हा दिसला तो घेतला. चालतं ना?"

वर कठड्यावर कुणाचा टॉवेल उरलाय, ते वहिनीला आत्ता कळलं. ती जिना चढली ती अक्षरशः हातापायांवर. हिरवा टॉवेल. सुनेचा.

"भाऊजी! वळा! वळा!"

मुलगा दारात येऊन, बायकोचा टॉवेल बघत विचारत होता, "काय झालं? ती जाळीवर झोपली असेल ना?" त्याला वाटत होतं जाळीवर, आजोबांना वाटत होतं खोलीत. दिराने हिरवा टॉवेल पाहिला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने शीड सोडून दिलं, इंजिन लावलं. वहिनी पुढच्या टोकाला उभी राहून पाण्यावर नजर फिरवत होती आणि तोंडाने सारखं एकच म्हणत होती, "नको. पुन्हा नको."

खडकाच्या टोकापाशी एक हात दिसला. सून हळूहळू त्यांच्याच दिशेने पोहत होती. तिला वर ओढून घेतलं तेव्हा तिचे दात वाजत होते. तिचा नवरा दिरावर ओरडला, मग रडला. आजोबा त्याच टॉवेलात उभे राहून चूक माझी, चूक माझी म्हणत राहिले.

"चूक माझी आहे," वहिनी म्हणाली आणि सगळ्यांना बाजूला सारून सुनेला आत घेऊन गेली. तिला कोरडे कपडे दिले, चहा पाजला, तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. माफी मागितली. सून म्हणाली, राहू दे आता. तिचं कापणं थांबलं, तरी वहिनीचे हात थांबले नाहीत.

"एक विचारू का गं?" ती शेवटी म्हणाली. "आम्ही जाताना तुला दिसत होतो?"

"दिसत होतात. मी हाकही मारली."

"मग काय वाटलं तुला? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"आधी भीती वाटली. खूप. पण राग नाही आला, वहिनी. वाटलं, आता लक्षात येईल आणि वळतील."

"आणि आम्ही वळलोच नसतो तर?"

"तरी तेच वाटत राहिलं असतं," सून म्हणाली. "आपलीच माणसं ना बोटीवर."

वहिनीने तिचे पाय खाली ठेवले, अंगावर पांघरूण घातलं. मग वर गेली. दीर चाकाशी होता.

"भाऊजी, पाहुण्यांना बंदरावर उतरवलं की आपण दोघं त्या बेटाकडे जाऊ."

दिराने मान वळवली नाही. "आता तिथे काय आहे, वहिनी?"

"काही नसेल," ती म्हणाली. "पण आपण वळलोच नव्हतो."

त्याने डोळे पुसले आणि तो म्हणाला, "जाऊ."