मखरातले मिशनचे गाव

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना जगात कुठेही उभे करा, अर्ध्या मिनिटात ते पॅसिफिक महासागरात पोहोचतात आणि जाताना तुम्हालाही ओढून नेतात. तरुणपणी ते तिथल्या एका बेटावर, मिशनच्या शाळेत गणित शिकवायला होते. पुढे दुबईत एका बांधकाम कंपनीत नकाशे काढू लागले, शारजात अल मजाजला बिऱ्हाड केले. मनाचा मुक्काम मात्र त्या बेटावरच्या मिशनच्या गावातच. जेवायला बोलवावे तर भाताच्या मुदीचे चर्च होई आणि वरणाचा समुद्र. "प्रवाळाच्या दगडाचं आहे, बरं का. आणि दार डोंगराकडे! आधी समुद्राकडे होतं, तर पोरं प्रार्थना सोडून होड्या बघायची. पाद्रीबाबांनी दारच बुजवलं, मागनं नवीन फोडलं." मग चर्चमध्ये टांगलेली बुडालेल्या जहाजाची घंटा. मग तो नीरफणस, ज्याच्याखाली शाळेचा पहिला वर्ग भरला आणि वादळात छप्पर उडाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. तोवर वरण गार. लिफ्टमध्ये ते दिसले की मी दुखऱ्या गुडघ्यांनिशी जिना चढत असे.

मग मंदी आली. क्रेन थांबल्या आणि पुढच्या गणपतीच्या तोंडावर शेजाऱ्यांची नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी मिळाली नाही तर मुलीची दहावी अर्ध्यावर सोडून पुण्याला परत. वहिनींनी सामान भरायला खोकी आणली. "यंदा आरास नको," म्हणाल्या. तर या गृहस्थांनी त्याच खोक्यांचे मखर केले! पुठ्ठ्याचे चर्च, पूजेतली घंटा जहाजाची झालेली, कढीपत्त्याचा नीरफणस आणि त्याच्याखाली साक्षात बाप्पा.

"अहो, बाप्पाला चर्चच्या अंगणात बसवलंत?" मी म्हणालो.

"शाळेच्या," ते म्हणाले. "विद्येचीच देवता ना?"

एरवी आरती संपताच मोदक घेऊन पळणारी मुले त्या दिवशी मखरापाशीच बसली. "अंकल, व्हाय इज द डोअर ऑन द राँग साइड?" झाले! शेजारी सुटले. वहिनींनी कपाळाला हात लावला. पण दर्शनाला आलेल्या, अजमानच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका हातातला मोदक विसरून पार वादळापर्यंत ऐकत राहिल्या.

"सर, आमचे गणिताचे शिक्षक मंदीत गावी गेले. तुम्ही याल का?"

"इन्शाल्ला," शेजारी पुटपुटले.

आतून वहिनी कडाडल्या, "इन्शाल्ला काय? यल्ला म्हणा, निघालोच म्हणा!"

खोकी रद्दीत गेली. वहिनींनी सगळ्या इमारतीला पुन्हा मोदक वाटले. आमचीही सुटका झाली, कारण ते गाव आता अजमानच्या पोरांच्या वाट्याला गेले. शेजारी संध्याकाळी थकून येतात, लिफ्टमध्ये नुसते हसतात. परवा पाहुणे जेवायला होते. भाताची मूद सारखी करता करता मी म्हणालो, "दार डोंगराकडे, बरं का." वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाटले, आता येतील खाली, माझे काय चुकले ते सांगायला. वरण गार होईपर्यंत मी दाराकडे बघत होतो.