खुरपणीला लेकीला नेताना

लेक वर्षाची व्हायच्या आतच मी पुन्हा खुरपणीला जायला लागले. घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं. सासूबाई स्वतः रोजंदारीवर, नवरा कंपनीत शिफ्टला. काम मला सोडायचं नव्हतं. स्वतःची मजुरी हातात असली की साध्या साबणासाठी कुणापुढं तोंड वेंगाडावं लागत नाही. म्हणून लेकही आमच्या बायकांच्या टोळीबरोबर टेम्पोत बसायची.

त्या वर्षी कवठे येमाईच्या बाजूला उसात बिबट्या फिरत होता. खाली बसलेल्या माणसाची तो मानच धरतो, म्हणून आम्ही गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून कांदा खुरपायचो, टोकं बाहेर. पहिल्या दिवशी एकमेकींचा अवतार बघून हसू आवरेना. मीही हसले, पण लक्ष लेकीकडं. लेकीची झोळी बांधावरच्या बाभळीला आणि बाभळीच्या पलीकडं लगेच ऊस. सारखी मान वर करून तिकडं बघायचे, त्यामुळं माझी ओळ कायम मागं पडायची.

एका दुपारी उसात काहीतरी सळसळलं. खुरपं टाकून मी धावले, झोळीतून लेकीला ओढून काढलं आणि छातीशी घट्ट धरलं. ती किंचाळली. उसातून रानडुक्कर निघालं आणि पळालं. माझ्या पट्ट्याचा खिळा मात्र तिच्या गालात रुतला होता, डोळ्याच्या जरा खाली. थोडा वर लागला असता तर डोळाच गेला असता.

टोळीची मुकादमीण, जिला आम्ही आक्का म्हणायचो, हे सगळं बघत होती. मला वाटलं, आता ही कामावरून काढणार. संध्याकाळी ती घरी आली आणि पदराआडून एक लहानसा पट्टा काढला. कुत्र्याच्या पिल्लाचा, खिळे मारलेला.

"नवाच हाय, कुणी वापरल्याला न्हाई," ती म्हणाली. "पोरीला बांध आन् ये कामाला. तुझा हात चांगला हाय, मला तू पायजेस."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि मला ते काम इतकं हवं होतं, की ती गेल्यावर मी खरंच तो पट्टा लेकीच्या गळ्याला लावून पाहिला. बरोबर बसला. लेक खुदकन हसली. मला माझीच भीती वाटली.

सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा मी दाराला आतून कडी लावली आणि तिला पोटाशी घेऊन गप्प बसून राहिले. आणखी एक-दोनदा वाजला. मग आक्कानं माझ्या जागी दुसरी घेतली, नुकतंच लग्न झालेली, अजून पोरबाळ नसलेली.