चाकू की सुरा

त्या हिवाळ्यात माझे सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, अल अझीझियाला आले होते. चिपळूणच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. वाळवंट हा त्यांचा सगळ्यात आवडता धडा, आणि वाळवंट त्यांनी कधीही पाहिलेलं नव्हतं. इथे आल्यावरही त्यांना दिसले ते मॉल, फ्लायओव्हर आणि रस्त्याकडेची पेटुनियाची फुलं. ते नाराज होते.

म्हणून आमच्या मेसईदच्या कारखान्यातल्या मंडळींनी सहकुटुंब वाळवंटात जायचं ठरवलं तेव्हा मी सासऱ्यांचंही नाव घातलं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘एक धारदार चाकू लागेल, कोण आणतंय?’ मी लगेच लिहिलं, ‘मी!’

‘आपली कांद्याची सुरी ने की,’ बायको म्हणाली.

तिला कल्पना नव्हती. गेले काही दिवस मी आणि सासरे जेवण झाल्यावर एका दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ बघत होतो. तो माणूस नुसत्या एका चाकूच्या जोरावर जंगलात घर बांधायचा, मासे धरायचा आणि शेवटी चमचासुद्धा कोरायचा. सासरे पुढे सरकून बघायचे. ‘बघा, पातं मुठीत घडी होत नाही. एकसंध आहे. त्याला म्हणतात खरं अवजार,’ असं ते मला सांगायचे, जणू त्यांच्याकडे असे तीन होते.

आम्ही कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा, अतिशय शांत माणूस. त्याने काउंटरवर दोन चाकू ठेवले. दोन्ही एकाच घडणीचे, काळ्या मुठीचे, पट्ट्यात अडकवायच्या म्यानासकट. एकाचं पातं माझ्या तळहाताएवढं. दुसऱ्याचं जवळजवळ दुप्पट.

‘सर, क्या काटना है?’ त्याने विचारलं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा विचार आम्ही केलाच नव्हता.

‘सर्व्हायव्हल,’ मी म्हणालो.

‘अच्छा,’ तो म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाला तंबूचे खिळे द्यायला गेला.

मी लहान उचलला. ‘बाबा, हा हातात बसतो. बारीक काम करता येईल.’

‘कसलं बारीक काम?’

‘लाकूड तासायचं वगैरे.’

‘वाळवंटात लाकूड कुठून आणणार, जावईबापू?’ असं म्हणून त्यांनी मोठा उचलला. ‘हा घ्या. ह्याने झाड तोडता येईल.’

‘झाड तरी कुठून आणणार?’

मग त्यांनी दोन्ही चाकू म्यानातच ठेवून आळीपाळीने कमरेला लावले आणि आरशासमोर उभे राहिले. दुकानात आरसा गॉगल बघायला ठेवला होता, त्यामुळे कंबर दिसावी म्हणून त्यांना टाचा उंच करून उभं राहावं लागत होतं. मी मोठा घेऊन हवेत एक फांदी तोडली. सासऱ्यांनी लहान घेऊन हवेत काहीतरी सोललं. काय सोललं ते मी विचारलं नाही. फार तन्मय होऊन सोलत होते.

‘वाळवंट केवढं अफाट!’ शेवटी ते म्हणाले. ‘त्यात हा लहान चाकू दिसणार तरी का?’

ह्या युक्तिवादाला काही अर्थ नव्हता, पण मला तो पटला. दुसरंही एक कारण होतं. लहान चाकू नीट पाहिला तर थेट आमच्या कांद्याच्या सुरीसारखा दिसत होता. तो घेऊन घरी गेलो असतो तर बायको काहीच बोलली नसती, नुसती सुरी आणून शेजारी ठेवली असती. आम्ही मोठा घेतला.

घरी तिने तो म्यानातून काढला, पाहिला आणि परत आत घातला. ‘चाकू आणायला सांगितला होता,’ ती म्हणाली. ‘हा सुरा आहे.’

सहलीच्या दिवशी मी तो कमरेला लावला. मेसईदच्या पुढे डांबरी रस्ता संपला, गाड्या रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी केली आणि आम्ही वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी तंबू लावला. गंमत म्हणजे कापायला काहीच नव्हतं. चिकन तुकडे करून आलेलं, सॅलड डब्यातून आलेलं, खुबूसची रोटी तर हातानेच मोडतात. एका भाभींना लिंबू चिरायचं होतं. मी सुरा उपसून पुढे झालो, तर त्या ‘नको नको, राहू दे भाऊ’ म्हणत दोन पावलं मागे गेल्या. बायकोने पिशवीतून कांद्याची सुरी काढून त्यांच्या हातात दिली. ती तिने मला न सांगता आणली होती.

मी जाऊन घडीच्या कापडी खुर्चीत बसलो. बसताना लांब म्यान सीटच्या आणि बाजूच्या नळीच्या फटीतून खाली उतरलं आणि खालच्या आडव्या नळ्यांत जाऊन बसलं. मला पत्ता नाही. तेवढ्यात आमच्या साहेबांनी हाक मारली, ‘यल्ला, खाना लग गया!’ साहेबांचा मान म्हणून मी झटकन उठलो. खुर्चीही उठली. काय अडकलंय ते बघायला मी वळलो. खुर्चीही वळली, आणि तिच्या पायाने रायत्याचं पातेलं वाळूत पाडलं.

‘पप्पा,’ माझी मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘व्हाय आर यू वेअरिंग अ चेअर?’

‘हलू नका, जावईबापू!’ सासरे धावत आले. त्यांनी खुर्ची धरून ओढली. खुर्ची, मी आणि सासरे असे तिघे एका दिशेने चालू लागलो. बायको हसून हसून खाली बसली होती, तिचा काही उपयोग नव्हता. शेवटी मला पट्टाच सोडावा लागला. खुर्ची सुरा घेऊन एका बाजूला पडली आणि मी दोन्ही हातांनी पँट धरून साहेबांच्या समोर उभा राहिलो. साहेब फार सभ्य गृहस्थ. ते रायत्याकडे बघत राहिले.

सासऱ्यांनी खुर्चीतून सुरा सोडवला आणि तो हातात घेऊन टेकडीकडे निघून गेले. ते रागावले असं वाटून, पट्टा बांधून मी मागून गेलो. ते टेकडीच्या माथ्यावर उभे होते.

‘बारखान,’ ते हळूच म्हणाले. ‘ही बारखान आहे. वाऱ्याकडचा उतार मंद, पलीकडचा तीव्र. अगदी फळ्यावर काढायचो तशी.’

त्यांचे डोळे भरून आले होते.

मुलं वर आली तशी त्यांनी म्यानातल्या सुऱ्याच्या टोकाने वाळूत टेकडीची मोठी आकृती काढली, वाऱ्याचे बाणसुद्धा दाखवले. ते मराठीत सांगत होते आणि आमची मुलगी, जी घरी मराठीत एक शब्द उत्तर देत नाही, बाकीच्या मुलांना भराभर इंग्रजीत सांगत होती. वारा टेकडी कशी पुढे ढकलतो तिथपर्यंत धडा आला आणि कोणीतरी ‘यल्ला, आजोबा!’ म्हणून ओरडलं. सासऱ्यांनी सुरा वाळूत उभा रोवला, धोतर आवरावं तशी पँट आवरली आणि तीव्र उतारावरून बसूनच खाली घसरले. त्यांच्यामागून सगळी मुलं. त्यांच्यामागून निम्मा माथा.

आम्ही परत वर गेलो तेव्हा सुरा नव्हता. आकृतीही नव्हती. मी आणि कारखान्यातले दोघे बराच वेळ हाताने उकरत राहिलो. सासरे मात्र केसांतली वाळू झाडत निवांत बसले होते.

‘काळजी करू नका,’ ते म्हणाले. ‘बारखान सरकते. काही वर्षांनी टेकडी पुढे जाईल आणि सुरा मागे उघडा पडेल. तेव्हा येऊन घेऊन जा.’

मग त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि मी नेमकं कुठे उभं राहायचं, ते बोटाने मला दाखवून ठेवलं.